पापणीच्या आतला रंग

२०२२च्या चतुर्थीला माझं जेवढं कौतुक झालं तेवढं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं होतं. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या मूळ घरी सगळी मंडळी जमली होती, पुरुष गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होते, आम्ही बायका नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो होतो, आणि जी येई ती माझ्याकडे बघून थांबे. नवऱ्याच्या मावशीने तर माझी हनुवटी धरून म्हटलं, "कितली सुकल्या गो! आतां बरी दिसता." मी हसले. त्याआधी पाचच मिनिटं मी परसातून नारळ घेऊन अकरा पायऱ्या चढून आले होते आणि स्वयंपाकघराची चौकट धरून उभी होते. छातीतली धडधड कानात ऐकू येत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्या दिवशी माझ्या अंगात रक्त किती होतं ते कोणी मोजलेलं नाही. पुढच्या वर्षी मोजलं तेव्हा हिमोग्लोबिन ६.२ निघालं. बाईचं १२च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, ८च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय.

मी एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४३, उंची १५६ सेंटिमीटर, या घडीला वजन ९१ किलो. हे आकडे आधीच लिहून टाकते, कारण ते लपवण्यात माझी वीस वर्षं गेली. लहानपणापासून मी अंगाने भरलेली. आमच्या गावात जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटक होतं, ते बघत आम्ही मोठे झालो. शाळेच्या संमेलनातही नाटक ठरलेलं. माझा आवाज चांगला होता. पण पद म्हणणारी नायिका नेहमी दुसरी कोणीतरी, मला मोलकरीण नाहीतर खाष्ट सासू. मी रंगमंचावर पाऊल टाकलं की एक शब्द बोलायच्या आधीच लोक हसायचे. चतुर्थीत फुगडीला माझा हात धरायला कोणी चटकन पुढे येत नसे. सातवीनंतर मी फुगडी घालायची सोडली आणि टाळ वाजवायला बसू लागले. कोणी बळजबरी केली नाही. मीच बाजूला झाले, आणि बाजूला होण्याची ती सवय पुढे दवाखान्यापर्यंत माझ्याबरोबर आली.

कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली, मी घरात बसले, वजन अकरा किलोंनी वाढलं. त्याच सुमारास पाळी बिघडली. आठ-नऊ दिवस रक्तस्राव, पहिले तीन दिवस तर दोन-दोन तासांनी पॅड बदलायचं, रक्ताच्या गाठी पडायच्या. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर वरच्या वर्गात जाताना जिन्याच्या मधल्या वळणावर थांबावं लागायला लागलं. नोव्हेंबर २०२१मध्ये मी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात गेले.

वजनकाटा बाहेरच्या बाकांसमोरच होता. मी त्यावर उभी राहिले आणि नर्सने टेबलाकडे बघून मोठ्याने सांगितलं, "चौऱ्याण्णव!" बाकावरच्या दोघा-तिघांनी मान वर करून पाहिलं. मग बीपी. पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, हवा भरली, आणि तो चर्रकन सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी नर्सने सुटणारं टोक तळहाताने दाबून धरलं आणि १५८/९८ असं कागदावर लिहिलं. मी तिची माफी मागितली. पट्टा पुरत नाही याबद्दल माफी मी मागितली, हे आता आठवलं की जीव तुटतो.

आत डॉक्टरांनी कागद पाहिला. मी म्हटलं, चढताना दम लागतो, थकवा असतो. पाळीचं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "पयलीं वजन उणें करात, मागीर पळोवया." म्हणजे आधी वजन कमी करा, मग बघू. बीपीची एक गोळी आणि छापील आहारतक्ता. मी बसले त्या खुर्चीपासून तपासणीचं टेबल हाताच्या अंतरावर होतं. त्यावर मला झोपवलं नाही, नाडीला हात लावला नाही. ते वाईट गृहस्थ होते असं मला वाटत नाही. बाहेर रांग होती, आणि माझ्याकडे बघताक्षणी त्यांना उत्तर मिळालं होतं.

दोन महिन्यांनी पाळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तिथे ऐकलं की चरबीमुळे हार्मोन्स बिघडतात, वजन उतरलं की पाळी आपोआप ताळ्यावर येईल. यात खरं काहीच नाही असं नव्हे. चरबीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन तयार होतं आणि त्याचा पाळीवर परिणाम होतो. पण रक्त जातंय म्हटल्यावर उरलंय किती ते पाहावं, इतकी साधी तपासणीही कोणी लिहून दिली नाही. आणि मीही मागितली नाही. मला वाटलं, दोष माझाच आहे, आधी तो निस्तरावा, मग तोंड वर करून विचारावं.

मग मी निस्तरायला लागले. भात बंद, पेज बंद, रात्री जेवण नाही. पहाटे पाचला चालायला बाहेर. नऊ किलो उतरले. ज्या दिवसांत लोहाची सगळ्यांत जास्त गरज होती त्या दिवसांत मी ताट अर्धं केलं होतं. त्या काळात मला बर्फाचं विलक्षण वेड लागलं. फ्रीजरमधला ट्रे काढायचा आणि उभ्या उभ्या एकेक चौकोन कडाकडा चावून खायचा, दिवसाला दोन-दोन ट्रे. लेक विचारायची, आई, सरबताला बर्फ का नसतो कधी? बर्फ खावासा वाटणं हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट डॉक्टरला सांगायची असते हेही माहीत नव्हतं.

उपाशी राहून उतरलेलं वजन सहा-आठ महिन्यांत बहुतेक सगळं परत आलं. दम मात्र गेला नव्हता, वाढलाच होता. आणि इथे मी सगळ्यांत मोठी चूक केली. मी डॉक्टरकडे जायचं थांबवलं. वजन परत चढलेलं घेऊन मी त्या काट्यावर कशी उभी राहणार, हाच एक विचार. दहा महिने मी स्वतःसाठी कुठल्याही दवाखान्याची पायरी चढले नाही. २०२०मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून एक निवेदन प्रसिद्ध केलं होतं. लठ्ठपणावरून होणाऱ्या हेटाळणीमुळे माणसाच्या शरीराला आणि मनाला इजा होते, त्याला चांगले उपचार मिळेनासे होतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी ते खूप उशिरा वाचलं. वाचताना वाटलं, हे माझे दहा महिने कोणीतरी लिहून ठेवले आहेत.

जुलै २०२३. पाऊस, गावात डेंग्यूची साथ, लेकीला ताप. तिला घेऊन आमच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथली डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती, माझ्या पहिल्या तुकडीतली मुलं आज असतील तेवढ्या वयाची. तिने लेकीला तपासलं, रक्त काढायला पाठवलं, आणि लिहिता लिहिता माझ्याकडे बघून विचारलं, "टीचर, तुमकां बरें आसा मगे?" मी सवयीने म्हटलं, काही नाही, वजन वाढलंय ना, म्हणून जरा दम लागतो.

ती उठली. खिडकीकडे तोंड करून मला उभं केलं. "वयर पळयात," म्हणाली, आणि अंगठ्याने माझी खालची पापणी अलगद खाली ओढली. मग दुसरी. मग माझे दोन्ही हात उलटे करून नखं पाहिली. ती मधे खोलगट झाली होती, मला वाटायचं भांड्यांच्या साबणाने. मग तिने विचारलं, पाळी कशी आहे? आणि मी बोलत असताना ती मधे एकदाही बोलली नाही.

पापणीच्या आतला भाग लालसर गुलाबी असतो. माझा पांढरा पडला होता. हे बघायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, दोन सेकंद लागतात. दीड वर्षात दोन डॉक्टरांनी माझं वजन पाहिलं, माझ्या डोळ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी लेकीला पॅरासिटामॉल दिली, मोरीत गेले, नळ सोडला आणि खूप रडले.

त्याच दिवशी रक्त तपासलं, आकडा वर लिहिलाच आहे. तिने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवलं. एक बाटली रक्त चढलं, मग शिरेतून लोह दिलं, आठवड्याच्या अंतराने दोनदा. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीत साडेतीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे स्नायूंची साधी गाठ दिसली. रक्त तिथून जात होतं. माझी जाऊ सडपातळ आहे, तिलाही अशी गाठ झाली होती, आणि तिची तर पहिल्याच भेटीत सापडली होती.

मला सगळ्यांत जास्त हलवून गेलं ते पुढचं. स्त्रीरोग विभागातल्या डॉक्टर म्हणाल्या, आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवू या. मी घाबरून विचारलं, कशाला? त्यांनी शांतपणे सांगितलं की वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यात चाळिशी ओलांडलेली आणि इतका रक्तस्राव, म्हणून हे तपासायलाच हवं. म्हणजे ज्या वजनाकडे बोट दाखवून मला दीड वर्ष न तपासता घरी पाठवलं, त्याच वजनामुळे मला आधी तपासायला हवं होतं. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी रोज वर्गात दोनचा पाढा, बाराखडी, सगळं घेतलं, आणि रोज संध्याकाळी हिशोब केला की तेव्हाच पाठवलं असतं तर आज काय कळलं असतं. अहवाल चांगला आला. पण नसता आला तर, हा प्रश्न अजून रात्री कधीतरी जागं करतो.

नोव्हेंबरमध्ये दुर्बिणीतून गाठ काढली. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ म्हणाले वजन करावं लागेल, औषधांचं प्रमाण ठरवायला. मी म्हटलं, करा, फक्त आकडा मोठ्याने सांगू नका. नर्सने नुसती मान हलवली आणि कागदावर लिहिला. इतकं सोपं होतं ते. वजन मोजण्याला माझा विरोध कधीच नव्हता. मला साखरेची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची आहे, गुडघे सांभाळायचे आहेत, मी चालते, ते करत राहीन. पण आता डॉक्टरसमोर बसले की मी एक प्रश्न विचारते. तो पाठ करून घेतलाय, कारण ऐन वेळी जीभ वळत नाही: "हीच तक्रार घेऊन एखादी बारीक बाई आली असती तर तुम्ही काय तपासलं असतं? तेही माझं तपासा आणि वजनाचंही सांगा." एकदा एक डॉक्टर यावर चिडले. दुसऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितलं.

बीपीचंही तसंच. नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, त्याच्यापुढे ४४पर्यंत मोठा पट्टा मिळतो. माझा दंड ३९ भरतो. लहान पट्टा आवळून लावला की आकडा मुळात असतो त्यापेक्षा जास्त येतो. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटं शांत बसवून घेतलं तेव्हा माझं बीपी १४२/९० आलं. थोडं वाढलेलं आहेच, एक गोळी चालू आहे. पण मधे जी दुसरी गोळी सुरू करायचं चाललं होतं ती लागली नाही. आता मी आधीच विचारते, मोठा पट्टा आहे का? नसेल तर माफी मागत नाही, तो येईपर्यंत थांबते.

ज्या बीएमआयवरून मला "दुसऱ्या श्रेणीची लठ्ठ" असं लिहिलं गेलं, तो आला कुठून हेही मी शोधलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडलं. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते, लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधत होते. समोर बसलेल्या रुग्णाला तपासत नव्हते. बीएमआय हे नाव १९७२मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलं. भारतीयांसाठी मर्यादा आणखी खाली आणली आहे, २३च्या वर जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा, कारण आपल्याकडे पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. हे कारण मला पटतं. म्हणूनच कमरेचा घेर, साखर, रक्तदाब हे पाहावं. २०२५च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या आयोगानेही सांगितलं की एकट्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नये, अवयवांच्या कामावर खरंच परिणाम झालाय का ते पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आणि २४ टक्के बायकांचं वजन जास्त असल्याचं आढळलं. गोव्यात जास्त वजनाच्या बायकांचं प्रमाण त्याहून वर आहे. या दोन आकड्यांतल्या बायका वेगवेगळ्या असतात असं धरून चालणारे लोक मला खूप भेटले. मी दोन्हींत आहे.

२०२३ची चतुर्थी आली तेव्हा अंगात रक्त होतं, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. तीच मूळ घरची माणसं, तीच माटोळी. मावशीने लांबूनच पाहिलं आणि हळहळली, "परत मोटी जाल्या मगे?" मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, गेल्या वर्षी तुम्हाला मी बरी दिसले ना, तेव्हा माझ्या अंगात रक्त नव्हतं. आज अकरा पायऱ्या तीनदा चढून आले, नारळ, केळी, पाट, सगळं मी आणलं." मावशीचा हात पिठाचा होता. तसाच तिने माझ्या गालाला लावला आणि काही बोलली नाही. वाईट ती कधीच नव्हती. तिच्या तोंडून आलेलं वाक्य तिच्याही कानांवर कधीतरी कोणीतरी घातलेलं असणार.

त्या रात्री लेक फुगडीला उठली नाही. तेरा वर्षांची, माझ्याच अंगलटीची. भिंतीला टेकून बसली होती, ओढणी दोन्ही दंडांवरून ओढून घेतलेली. मला धस्स झालं. ती ओढणी तिला मीच शिकवली होती. आरशासमोर मी रोज काय बोलते ते ती जन्मापासून ऐकत आली होती: शी, काय हे दंड, हा ब्लाउज नको, फोटोत मला मागे उभं करा. मी तिला काही समजावलं नाही. उठले आणि तिचा हात धरला. आम्ही दोघींनी दोन फेऱ्या घेतल्या, तिसरीला मी दम लागून थांबले. आरशासमोर ते बोलणं मी बंद केलंय. मनातलं बंद झालंय असं म्हणत नाही. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. फोटोत मात्र आता पुढे उभी राहते.

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगायला मला सगळ्यांत जड जातंय. शाळेत दर वर्षी आरोग्य तपासणीचं पथक येतं. मुलांची उंची आणि वजन घ्यायला शिक्षक मदत करतात. अठरा वर्षं मी काट्याजवळ उभी राहून आकडे मोठ्याने सांगितले, माझी सहकारी वहीत लिहून घ्यायची. सगळा वर्ग रांगेत, सगळे ऐकतात. जाड मुलाचा आकडा आला की हशा व्हायचा, मी "गप्प बसा" म्हणायचे आणि पुढचं नाव पुकारायचे. अगदी काडीसारख्या मुलांवरही वर्ग हसायचा. एक चौथीतली मुलगी दोन वर्षं लागोपाठ तपासणीच्या दिवशीच गैरहजर राहिली होती. मी हजेरीपटावर शून्य मांडलं आणि विसरले. ती आता कॉलेजला असेल. मला तिला काही सांगायचं आहे, पण काय सांगू ते सुचत नाही.

यंदा मी काटा उचलून पुस्तकांच्या खोलीत नेला. एकेक मूल आत, दार लोटलेलं, वही माझ्या मांडीवर. वेळ दुप्पट लागला, पथकातल्या बाई जरा कुरकुरल्या, मग त्याच आतला पंखा लावून बसल्या. तिसरीतली एक गोल चेहऱ्याची मुलगी आत आली, चपला काढल्या, काट्यावर चढली आणि डोळे गच्च मिटून घेतले. मी आकडा लिहिला.

"टीचर, सांगतलीं तुमी?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"तुला हवा असेल तर तुला एकटीला सांगते."

तिने थोडा विचार केला. "नाका," म्हणाली, आणि चपला हातात घेऊन पळाली.